फळीचं टोक

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात शिरलं की पाच मिनिटांत 'सीपी' हा शब्द कानावर पडतोच. "सीपी घ्या ताई, डोळे झाकून." सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. हा प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ त्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. नकाशावरून कधीच पुसला गेलेला हा प्रांत लाकडाच्या वखारीत मात्र अजून नांदतो आहे. तिकडच्या जंगलातलं सागवान ते सीपी, आणि त्यातही 'बल्लारशा' म्हटलं की दुकानदाराचा आवाज जरा खाली येतो, भाव वर जातो.

मी एकदा असंच डोळे झाकून घेतलं होतं. ऐन श्रावणात घरी आलेलं जेवणाचं टेबल, सहा माणसांचं, अस्सल सीपीचं म्हणून. एप्रिलमध्ये एका दुपारी स्वयंपाकघरात असताना फट्‌ असा आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर टेबलावर एका टोकापासून हातभर लांब चीर. रुपयाचं नाणं उभं राहील एवढी. दुकानदारानं फसवलं, असं मी चार जणांना सांगितलंही. मग आमच्या वडिलांच्या वेळचे मिस्त्रीकाका आले. टेबलाखाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"लाकूड सागच आहे, ताई. खोटं नाही बोलला तो. पण ओलं होतं, आणि वर चारी बाजूंनी जखडून टाकलंय."

नाव खरं आणि टेबल तरीही फुटलेलं. हे कोडं सुटायला मला वखारीच्या बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या.

लाकूड तोडलं तरी त्याचं पाण्याशी असलेलं नातं तुटत नाही. दमट हवेत ते ओल पितं आणि फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नाहीच, सगळा खेळ रुंदीत. हिरव्या ओंडक्यापासून पूर्ण वाळेपर्यंत साग वलयांच्या दिशेनं सुमारे सहा टक्के आक्रसतो आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेनं अडीच टक्के. ओकच्या मानानं हे कमीच, सागाचा लौकिक त्यातूनही आला आहे. पण पुण्याची हवा आषाढात एक आणि वैशाखात दुसरीच. तीन फूट रुंदीचं, आडव्या चिरलेल्या फळ्यांचं टेबल या दोन टोकांत सेंटीमीटरभर सहज हलतं. जुने सुतार हे जाणून होते. कपाटाच्या दारात फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सरकती ठेवायची, तिला डिंक लावायचा नाही. टेबलाचा वरचा पाट लाकडी गुटक्यांनी धरायचा, म्हणजे त्याला श्वास घ्यायला जागा राहते. माझ्या टेबलाला दर वीतभर अंतरावर स्क्रू होता.

काकांबरोबर वखारीत गेले तेव्हा ते फळीच्या रुंद बाजूकडे बघतच नव्हते. सरळ टोकाशी गेले. करवतीनं कापलेलं टोक पटाशीनं इंचभर साफ केलं, अंगठा थुंकीनं ओला करून त्यावर फिरवला आणि मला म्हणाले, बघा. वलयं उमटली. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला बारीक छिद्रांची रांग, टाचणीनं टोचल्यासारखी. सागाची ही खूण रंग लावून आणता येत नाही. मग वास. ताज्या कापलेल्या सागाला जुन्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो आणि हाताला मेणचट लागतं. वलयं टोकावर आडवी पसरलेली असतील तर फळी पुढे वाकणार, उभी असतील तर शहाण्यासारखी राहणार. आणि कडेला पांढरट पट्टा आहे का, तो किती, हेही टोकावरच कळतं.

हा पांढरा पट्टा म्हणजे खरी मेख. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागात ती नसतात, असतो तो स्टार्च, आणि त्यावर पोखरकिडे ताव मारतात. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला सागाच्या कमानदार फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या. छताचा भार त्यांच्यावर नाहीच, दगडात लेणं कोरताना लाकडी इमारतीची हौस म्हणून त्या लावल्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. हे सगळं कर्तृत्व गाभ्याचं. त्याच झाडाच्या पांढऱ्या भागाचं स्टूल पाच वर्षांत पिठासारखा भुगा गाळायला लागतं.

आता बाजारातल्या सागाचं गाव कोणतं? बर्मानं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका अशा देशांतल्या लागवडीचा माल जास्त दिसतो आणि त्यातला मोठा भाग कांडला बंदरात उतरतो. ही झाडं बहुधा वीस-पंचवीस वर्षांत तोडलेली, आपल्या जंगलातली साठ-ऐंशी वर्षांची. 'भराभर वाढलेलं म्हणजे कच्चं' असं सरसकट म्हटलं जातं, पण केरळच्या पीची इथल्या वन संशोधन संस्थेचं काम वाचल्यावर मी ते म्हणायचं सोडलं. ताकदीत फार फरक पडत नाही. कोवळ्या झाडात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त, दुखणं ते आहे. म्हणजे पुन्हा फळीच्या टोकाशीच यायचं.

आलापल्लीच्या जंगलातल्या सागाचा मान त्यामुळे कमी होत नाही. तिथला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सहा हेक्टरांचा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाला, साग किती उंच आणि किती जुना होऊ शकतो ते बघायला तिथे जावं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं, नव्या संसद भवनाला नागपूरहून. तेव्हापासून आमच्या पेठेत प्रत्येक फळी संसदेची बहीण आहे.

खरं तर प्रत्येक गोष्टीला साग लागतोच कशाला? शिवण हलकी, फिकट, एकदा वाळली की फारशी हलत नाही. खण, पेट्या, कपाटाच्या आतल्या फळ्या तिच्या कराव्यात. कोकणात फणसाचं पिवळंधमक लाकूड दाराला, देव्हाऱ्याला वापरतात आणि वर्षं जातील तसं ते मधासारखं गडद होत जातं. ऐन दणकट, पण वाळताना चिरतो. तो वाशाला, खांबाला बरा. शिसवीचा मोह मला आहे. पण त्या साऱ्या कुळाचा व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखाली आहे, तेव्हा जुन्या वाड्यातून निघालेला शिसवी पलंग मिळाला तर घ्यावा, नव्याची हौस आवरावी. प्लायबद्दल एवढंच: मोरीजवळ आयएस ७१० शिक्क्याचं, कोरड्या खोलीत आयएस ३०३ चालतं. 'टीक फिनिश' म्हणजे बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, नाहीतर नुसता छापलेला कागद.

हिशेबाची एक गंमत. फुटांत लांबी, इंचांत रुंदी आणि जाडी, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. पण एक इंची फळी रंधा मारून पाऊण इंच उरते, पैसे मात्र इंचाचेच जातात. टेबल हवंय त्या मापावर बजेट मांडणारा इथेच फसतो.

या वेळी फळ्या गणपतीनंतर घेतल्या. किल्नमध्ये वाळवलेल्या आहेत, असं वखारवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. काका हसले, एक फूटभर तुकडा कापून घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंट फासला, म्हणजे ओल टोकांतून पळणार नाही, जाईल ती फळीसारखी अंगातूनच. फळ्या माळ्यावर, मध्ये पट्ट्या घालून रचल्या आणि तुकडा माझ्या ओट्यावर. दर रविवारी पोह्यांच्या आधी तो काट्यावर ठेवायचा आणि वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायचं. ११६२ ग्रॅम. मग ११३८. ११२५. परवा ११२१. मी काकांना फोन केला, आता सुरू करू या का?

"घटतंय ना अजून? मग दिवाळी खाली बसूनच जेवा."