कासवाची पाठ वाचायला शिका



गाळप हंगाम आटोपला, की आपल्याकडे विहिरींचा गाळ उपसायची आणि चाऱ्या साफ करायची कामे निघतात. गाळाच्या पाटीबरोबर कधी एखादे कासव वर येते. पोरांचा घोळका जमतो आणि तासाभरात ते कासव कुणाच्या तरी अंगणातल्या हौदात जाऊन पडते. दुसरीकडे, शिक्षणासाठी शहरात राहिलेली मुले सुट्टीला येताना प्लॅस्टिकच्या डब्यातून बिस्किटाएवढे हिरवेगार कासव घेऊन येतात. घरात कौतुक होते, नाव ठेवले जाते. पुढे सहा-आठ महिन्यांत त्याची पाठ मऊ पडते, डोळे सुजतात, ते खाणे टाकते आणि एके दिवशी मरून जाते. घरचे म्हणतात, “कशानं मेलं, काही कळलंच नाही.”

कळत नाही, कारण कासव ओरडत नाही, लंगडत नाही, गायीसारखी मान टाकून बसत नाही. त्याचे दुखणे हळू येते आणि हळूच जाते. पण ते त्याच्या पाठीवर आणि कातडीवर लिहिलेले असते. ते वाचायचे कसे, एवढेच या लेखात आम्ही सांगणार आहोत.

कोणते कासव, हे आधी ओळखा

आपल्या विहिरी, ओढे, बंधारे यांत सर्रास सापडते ते मऊ पाठीचे पाणकासव. त्याच्या पाठीवर खवल्यांचे चौकोन नसतात, गुळगुळीत कातडे असते. पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात. पाय आत ओढले की या झडपा मिटतात. उन्हाळ्यात पाणी आटले, की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहत पडून राहते. म्हणून गाळात सापडलेले सुस्त कासव आजारीच असेल असे समजू नये.

दुसरे चांदणी कासव. याच्या काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात. हे कोरड्या माळावरचे जनावर आहे. याला हौदात टाकले तर ते पोहत नाही, बुडते.

ही दोन्ही कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड आहे. “आम्ही तर मायेनं सांभाळतोय” ही सबब कायद्यापुढे चालत नाही. वीस नखांचे कासव घरात ठेवले की पैशांचा पाऊस पडतो, अशा थापा मारणारे भोंदू गावोगाव फिरतात. आमचे सांगणे एवढेच, की पाणकासवाच्या प्रत्येक पायाला तीन नखे असतात. चार पायांची बारा झाली. पुढचा हिशेब सभासदांनी स्वतः करावा.

तिसरे ते डब्यातून आलेले हिरवे कासव. डोळ्यामागे लाल पट्टा ही त्याची खूण. याचे मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. दुकानात बिस्किटाएवढे दिसणारे हे पिल्लू चांगले सांभाळले तर जेवणाच्या ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. दुकानदार हे सांगत नाही. आज आपल्या सभासदांच्या घरी जी कासवे आहेत, त्यात याच जातीचा भरणा जास्त. पुढची निगा मुख्यतः त्याची आहे.

कवच म्हणजे जिवंत हाड

कासवाचे कवच म्हणजे वरून घातलेला टोप आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. त्याच्या फासळ्या आणि कणाच पसरून कवच झालेला असतो. त्यात रक्त फिरते, त्याला स्पर्श कळतो, मार लागला तर दुखते. या हाडावर आपल्या नखासारखे पातळ पापुद्रे बसवलेले असतात. म्हणून कवचाला भोक पाडून दोरी बांधणे, त्यावर रंगाने नाव घालणे म्हणजे बैलाच्या बरगडीला भोक पाडण्यासारखे आहे.

हाड म्हटले की चुना आला, आणि चुना अंगी लागायला ऊन आले. सकाळचे थेट ऊन कातडीवर पडले तरच कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि खाल्लेला चुना हाडात बसतो. काचेतून आलेल्या उन्हाचा येथे काही उपयोग नाही, कारण उन्हातला कामाचा भाग काच अडवते. खिडकीत ठेवलेली काचेची पेटी दुहेरी वाईट. ऊन लागत नाही आणि पाणी मात्र तापून कासव उकडते.

ऊन, कोरडी जागा आणि स्वच्छ पाणी

निगेच्या गोष्टी मोजून तीन. पहिली, रोज अर्धा-पाऊण तास सकाळचे ऊन, पण शेजारी सावलीची सोय ठेवून. तापले की कासवाला स्वतः सावलीत सरकता आले पाहिजे. मांजर, कुत्रा आणि कावळा यांच्यापासून राखण हवी.

दुसरी, पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडे होता येईल अशी जागा. एक सपाट दगड किंवा अर्धी वीट चढणीसारखी ठेवली तरी भागते. ज्या कासवाला अंग वाळवता येत नाही, त्याचे कवच कुजते.

तिसरी, स्वच्छ पाणी. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. खाणे वेगळ्या पाटीत घातले तर पाणी निम्म्याने कमी खराब होते. नळाचे पाणी रात्रभर भांड्यात ठेवून मग घालावे. पाण्याला वास आला म्हणजे बदलायला उशीर झाला, असे समजावे. काढलेले पाणी झाडाला घालावे, मोरीत भांड्यांजवळ ओतू नये.

खाण्याचे म्हणाल, तर भात, पोळी, पाव आणि नुसते मटणाचे तुकडे यांनीच कासवांचा घात होतो. मटणात हाडाला लागणारा चुना फार थोडा. त्याऐवजी काट्यासकट बारीक मासळी आणि गांडुळे द्यावीत. सोबत गाजराचा कीस, लाल भोपळ्याची फोड आणि हिरवा पाला असावा. गाजर-भोपळ्यातून अ जीवनसत्त्व मिळते आणि डोळे नीट राहतात. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा, कासव लागेल तसे कुरतडते. मोठ्या कासवाला एक दिवसाआड खाणे पुरे होते.

आठवड्यातून एकदा तपासणी

उसाची लाल कूज आपल्याला माहीत आहे. बाहेरून टिपरी चांगली दिसते, चिरल्यावर आत लाल पट्टे आणि आंबूस वास. कासवाच्या कवचाचेही तसेच होते. म्हणून दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, उजेडात कासव हातात घेऊन या गोष्टी पाहाव्यात.

१) कवच मऊ आहे काय? कडेला अंगठ्याने हलके दाबून पाहावे. लहान पिल्लाचे कवच थोडे लवचीक असते. पण वाढलेल्या हिरव्या कासवाचे कवच दबले, तर चुना आणि ऊन कमी पडले हे नक्की.

२) पापुद्रे सुटतात काय? काचेसारखा पातळ, अख्खा पापुद्रा सुटणे हे वाढीचे लक्षण आहे. सोलायला जाऊ नये, तो आपसूक पडतो. मात्र पापुद्र्याखाली पांढरे-पिवळे खड्डे, ओलसर पोकळी किंवा घाण वास आढळला, तर ती कवचकूज.

३) पोटाकडच्या बाजूला लाली आहे काय? पापुद्र्याखाली लाल डाग आणि सोबत सुस्ती असेल, तर विषार रक्तात गेला आहे. यात एक दिवसही दवडू नये.

४) पाठीवर हिरवे शेवाळ आहे काय? त्याने भिऊ नये. मऊ ब्रशने पाण्याखाली घासले की निघते.

५) कातडी कशी आहे? पाण्यात पातळ पापुद्रे लोंबणे चालते. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे बुरशी. लाल, सोललेली कातडी म्हणजे जखम किंवा घाण पाण्याचा परिणाम.

६) डोळे आणि कान. डोळे सुजून मिटले असतील, तर अ जीवनसत्त्व कमी आणि पाणी घाण, हे बहुधा कारण असते. डोळ्यामागे एका बाजूला सुपारीसारखी गाठ आली, तर कानात पू झाला आहे. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट असतो. तो दाबून निघत नाही, डॉक्टरांनाच काढावा लागतो.

७) पोहताना एका बाजूला कलते काय? नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेते, कलते पोहते, म्हणजे फुप्फुसाचा आजार. थंडीत हा जास्त होतो.

ही तपासणी वहीत तारखेनिशी लिहून ठेवावी आणि महिन्याला वजन करावे. खाणाऱ्या पिल्लाचे वजन वाढले नाही, तर काहीतरी बिघडले आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी तराजू सांगतो.

बिघडले तर काय करावे, काय करू नये

सुरुवातीची कवचकूज असेल, तर पाणी बदलावे, मऊ ब्रशने जागा धुवावी, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून लावावे आणि कासवाला दिवसाचे काही तास कोरड्या, उबदार जागी ठेवावे. रोज थोडा वेळ पाण्यात सोडावेच, नाहीतर त्याला पाणी पिता येत नाही. दोन आठवड्यांत फरक नसेल, खड्डा खोल असेल किंवा वास येत असेल, तर पशुवैद्यकांकडे न्यावे. बरे व्हायला कित्येक महिने लागतात. धीर सोडू नये.

नांगराच्या फाळाने, ट्रॉलीखाली येऊन किंवा कुत्र्याने चावून कवच फुटलेले कासव सापडले, तर ते मेलेच असे धरू नये. फुटलेली कवचे सांधलेली आहेत. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, स्वच्छ कापड लावावे, खोक्यात कोरडे ठेवून लगेच पुढे पाठवावे. हळद, तूप, जळके ऑइल, चिकटवायचा लुकण यांतले काहीही भरू नये. घाण आत कोंडली जाते आणि वरून बरे दिसणारे कासव आतून सडते.

आता एक गोष्ट ठळकपणे सांगतो. गोठ्यात गोचीड आणि जंत यांवर आपण आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन किंवा औषध वापरतो. गायी-म्हशींना जे गुणकारी, ते कासवाला विष आहे. थोड्या मात्रेतही कासव लुळे पडून मरते. कासवाच्या अंगावर गोचीड दिसला, जखमेत अळ्या दिसल्या, तर चिमट्याने काढाव्यात, पण गोठ्यातली बाटली काढू नये. गावातल्या डॉक्टरांनाही हे आवर्जून सांगावे, कारण त्यांचा बहुतेक अनुभव गुराढोरांचा असतो.

घरातल्या माणसांसाठीही एक सूचना. वरून निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने हगवण आणि ताप येतो, आणि तो लहान मुलांना जास्त बाधतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी आहे. कासव हाताळले की साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या पोरांच्या हाती ते देऊ नये, स्वयंपाकघरात सोडू नये.

विहीर, शेततळे आणि पाचट

विहिरीत कासव सोडले की पाणी चांगले राहते, असा जुना समज आहे. पण सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत कासवाला अंग वाळवायला काठ नाही, अंडी घालायला माती नाही. त्याला वर येता येत नाही आणि ते तिथेच झिजते. गाळात पाणकासव सापडले, धडधाकट असले, तर जवळच्याच ओढ्याच्या किंवा बंधाऱ्याच्या काठी, सावलीत, ओल्या चिखलाजवळ सोडावे. लांब नेऊ नये. जखमी असेल तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

डब्यातल्या हिरव्या कासवाचे मात्र नेमके उलट. सांभाळायचा कंटाळा आला म्हणून ते विहिरीत, कालव्यात कधीही सोडू नये. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. ते आपल्या पाणकासवाचे खाणे आणि जागा दोन्ही घेते. आणले असेल, तर शेवटपर्यंत सांभाळावे. आणले नसेल, तर आणू नये, हे उत्तम.

ज्यांनी शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद घातला आहे, त्यांनी एका कोपऱ्यात जाड दोरीची जाळी किंवा पोती बांधून सोडावीत. घसरून आत पडलेले कासव त्यावरून बाहेर येते. कधी काळी एखादे कोकरू किंवा माणूसही वाचेल. पाचट न जाळण्याचे तर आम्ही जमिनीच्या कसासाठी सांगतच आलो आहोत. बांधाच्या मातीतली कासवाची अंडी हे त्याला आणखी एक कारण.

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. आपण त्याला पाय लागू देत नाही. जिवंत कासवाला तेवढ्या मानाची गरज नाही. त्याला ऊन, कोरडी जागा, स्वच्छ पाणी मिळावे आणि आठवड्यातून एकदा कुणी त्याची पाठ नीट पाहावी, एवढे झाले तरी पुष्कळ.