बाळाची लस, आजोबांचे औषध

नवजात बालकाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचणे हे आम्हां बालरोगतज्ज्ञांचे नित्यकर्म. पांढुर्ण्यात एकदा नातवाची लस होताच आजोबांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, नागपूरले मले बी हेच देतो म्हणतात. कॅन्सरले लेकराची लस कायले?" मूत्राशयातील गाठ काढल्यावर त्यांना बीसीजी सुचविले होते, पण जिवंत जंतू अंगात घेण्यास मन धजत नव्हते.

प्रश्न रास्त होता. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये कर्करुग्णास मुद्दाम जंतू टोचले. काही गाठी विरघळल्या, तरी उपचार बेभरवशाचाच राहिला. पुढे काल्मेट आणि ग्वेरँ यांनी तेरा वर्षे, सुमारे २३० वेळा संवर्धन करून क्षयजंतूची मारकता घालविली. १९२१ मध्ये ती लस प्रथम दिली गेली. मूत्राशयाच्या कर्करोगावरील तिचा उपयोग मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. नळीवाटे मूत्राशयात सोडलेले हे जंतू तेथील प्रतिकारपेशींना जागे करतात.

आता या जंतूंची जनुकेही बदलता येतात. जर्मनीत काउफमान यांच्या गटाने बीसीजीतील एक जनुक काढून लिस्टेरियाचे एक जनुक बसविले. त्यामुळे पेशीने गिळलेल्या जंतूभोवतीच्या पिशवीस छिद्रे पडतात आणि प्रतिकारशक्तीला जंतूची ओळख अधिक चांगली पटते. 'व्हीपीएम १००२' या नावाच्या या लसीच्या विकासात पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट सहभागी झाली. साध्या बीसीजीनंतरही रोग उलटलेल्या रुग्णांवर स्वित्झर्लंड व जर्मनीत चाचणी झाली. साठ आठवड्यांनी सुमारे निम्म्यांच्या मूत्राशयात रोग परतला नव्हता.

तथापि हुरळून जाऊ नये. प्राणवायू कमी असलेल्या गाठीच्या गाभ्यात वाढणारे, जनुके बदललेले साल्मोनेला उंदरांत यशस्वी ठरले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत मात्र गाठी आटल्या नाहीत.

आजोबांना मी एवढेच म्हटले, "बाबा, मोकाट बैल पीक तुडवतो, वेसण घातली की तोच शेत नांगरतो." पोळ्याच्या गावचा माणूस, त्यांना पटले. ते नागपूरला गेले.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना एक विनंती. लघवीतून वेदनेविना रक्त गेल्यास 'उन्हाळी लागली' म्हणून घरी बसू नये. एकदाच दिसले, आपोआप थांबले, तरीही तपासणी करावी. आणि तंबाखू-बिडी आजच सोडावी. मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे. वेसण घातलेले जंतू उपयोगी पडतात, ते रोग वेळेवर सापडला तरच.