फिश टँकचा स्टँड : पातळी आणि पीळ

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी दिवाणखान्यात कितीही नाजूक दिसत असली, तरी तिचे पोट पावणेसात घनफुटांचे असते आणि एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे वरची दोन इंच जागा रिकामी सोडली तरी पाणी, काच, वाळू आणि दगड मिळून सव्वादोनशे ते अडीचशे किलोंचा भार जेमतेम साडेचार चौरस फुटांवर रात्रंदिवस उभा राहतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, एवढा भार गृहीत धरला आहे. तो आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्याने एका कोपऱ्यातील टाकीने स्लॅब लगेच धोक्यात येत नाही, मात्र ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ ठेवणे श्रेयस्कर ठरते. नागपुरातील महाल-इतवारीच्या जुन्या लाकडी माळ्यांच्या घरांत तर स्टँडची लांब बाजू कड्यांना आडवी यावी लागते, म्हणजे भार एकाच कडीवर न येता तीन-चार कड्यांत वाटला जातो.

स्टँड बहुधा लोखंडी अँगलचा, वेल्डिंग करून घेतलेला असतो. उभे वजन पेलण्यात लोखंड सहसा कमी पडत नाही. त्याची खरी परीक्षा आडव्या धक्क्याची असते, कारण केवळ चार पाय आणि आडव्या पट्ट्या असलेला सांगाडा बाजूने रेटला की तिरका होऊ पाहतो, तर मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी जोडताच तयार होणारा त्रिकोण आपला आकार सोडत नाही. दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसतो आणि अँगलला ओढून घेतो, त्यामुळे वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने अगदी समान भरले तरी तिचा एक कोपरा किंचित वर उचललेला असू शकतो. यालाच पीळ म्हणतात. तो पकडण्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोऱ्या ताणून बांधाव्या. मध्यभागी त्या एकमेकींना केवळ टेकल्या तर चौकट सपाट आहे, त्यांच्यात फट राहिली तर पीळ आहे. आणि खालची दोरी वरचीला उचलत असण्याची शक्यता उरते म्हणून दोऱ्यांची वरखाली अदलाबदल करून पुन्हा पाहावे.

टाकी बसवणारे पाणसळीच्या बुडबुड्याकडे जेवढे लक्ष देतात, तेवढे या पिळाकडे देत नाहीत, आणि येथेच अग्रक्रम चुकतो. तीन फुटांत पाच मिलिमीटरचा उतार असला, तर खालच्या बाजूला पाण्याची खोली सरासरीपेक्षा अवघी अडीच मिलिमीटर वाढते. पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात असल्याने चाळीस सेंटिमीटर पाण्यात ती वाढ एक टक्काही भरत नाही, फक्त पाण्याची तिरपी रेघ नजरेला खुपते. याउलट तीन कोपरे टेकलेले आणि चौथा अधांतरी असेल, तर काच वाकून जुळवून घेत नाही, सगळा ताण तळकाचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यांवर जातो, आणि तो सांधा काही महिन्यांनीही सुटू शकतो.

अर्थात पातळी पाहायचीच नाही असे नव्हे. झिरो माइलच्या स्तंभाजवळ सर्वेक्षण खात्याचा १९०७ सालचा पातळीचा दगड बाळगणाऱ्या या शहरात घराची फरशी मात्र मिस्त्रीच्या लेव्हल पाइपच्या भरवशावरच बसते, आणि धुण्याच्या सोयीसाठी तिला मोरीकडे किंवा दाराकडे मुद्दाम ढाळही दिलेला असतो. म्हणून पाणसळ प्रथम एका दिशेने आणि मग तिथेच उलटी फिरवून ठेवावी. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला सरकला तर दोष फरशीचा, बाजू बदलली तर पाणसळीचा. कोणता पाय अधांतरी आहे हे कागदाच्या चिटोऱ्याने कळते : टेकलेल्या पायाखाली तो शिरत नाही, उचललेल्या पायाखालून सहज सरकतो. पाचर त्याच पायाखाली, लोखंडी पट्टीची किंवा टणक प्लास्टिकची घालावी. पुठ्ठा ओला होऊन दबतो. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर घालणे मात्र सर्वथा अयोग्य आहे. तेथे थर्माकोलचा सलग पत्रा असतो, पण तो वाळूचा कण किंवा वेल्डिंगचा बारीक उंचवटा पोटात घेतो, पीळ नाही. पायाखालची टाइल ठोकल्यावर पोकळ वाजली, तर पायाला रुंद लोखंडी पट्टी जोडणे अनिवार्य होते.

पार्टिकल बोर्डच्या तयार कपाटांविषयी नागपुरात विशेष सावध राहावे लागते, कारण उन्हाळाभर कूलरची दमट हवा खोलीत खेळते आणि टाकीचे शिंतोडे त्यात भर घालतात. कापलेल्या कडांतून ओल शिरली की भुश्याचा हा दाबलेला फळा फुगतो आणि त्याची पकड सुटते. बीडब्ल्यूपी दर्जाचे, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणारे, प्लायवूड महाग पडले तरी तेच घ्यावे.

टाकी प्रथम पाव भरून थांबावे, मग चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. स्थिर पाण्याहून विश्वासार्ह पाणसळ नाही. ही चार मापे लिहून ठेवण्याचा उपयोग तळमजल्यावर अधिक होतो, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर भर घालून केलेली फरशी तिच्याबरोबर हलते. मे आणि सप्टेंबर अखेरची मापे जुळली नाहीत, तर भरलेल्या टाकीखाली पहार घालून कोपरा उचलू नये. पाणी आणि दगड काढूनच पाचर बदलावी. मासे तोवर टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत ठेवावे, कारण नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीन त्यांच्या कल्ल्यांना सोसत नाही.