दोन फोन, एक खिसा

एके काळी मराठी घरांत ‘गावसकर की विश्वनाथ’ या विषयावर वाद रंगत. गावसकरचे भक्त तंत्राचे दाखले देत, तर विश्वनाथचे भक्त त्याच्या स्क्वेअर कटच्या आठवणीने हळवे होत. हे दोघे एकमेकांचे मेहुणे आहेत, ही गोष्ट मात्र वादाच्या भरात सगळेच विसरत. हल्ली तितक्याच तावातावाने ‘आयफोन की सॅमसंग’ हा वाद चालतो, आणि इथेही गंमत तीच आहे. नक्कल केल्याचा आरोप ठेवून अ‍ॅपलने २०११ साली सॅमसंगला कोर्टात खेचले. ते भांडण मिटायला २०१८ साल उजाडले. मधल्या काळात, २०१७ साली आलेल्या ‘आयफोन टेन’चा पडदा मात्र सॅमसंगच्याच कारखान्यातून आला होता. कोर्टात वादी-प्रतिवादी आणि बाजारात गिऱ्हाईक-दुकानदार!

वाद तोंडी लावण्यापुरता असतो तोवर तो गोडच लागतो. पण हे दोन्ही फोन एकाच घरात येऊन पडले आणि त्यातला एकच ठेवायचा असला तर? आमच्या परिचयातल्या, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांवर ही वेळ आली. अमेरिकेतल्या मुलाने तिथून येताना आयफोन १५ आणला. गावातच राहणाऱ्या मुलीने त्याच आठवड्यात गॅलेक्सी एस २४ घेतला. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते. जुन्या अँड्रॉइड फोनची बॅटरी फुगली होती, तेव्हा निर्णय लांबवण्यातही अर्थ नव्हता. शिवाय त्या फोनमध्ये वर्षापूर्वी निवर्तलेल्या पत्नीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलके निरोप होते. भाजी काय आणायची, औषध घेतले का, एवढेच. पण ते गमावण्याची सरांची तयारी नव्हती.

नातवंडांनी अर्थातच दोन्ही फोनांची पत्रिका मांडली. पडदा एकाचा ६.१ इंच, दुसऱ्याचा ६.२ इंच, वजनातला फरक चार-पाच ग्रॅमचा. सॅमसंगचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, आयफोनचा ६० वेळा, त्यामुळे सॅमसंगवर बोट फिरवताना अक्षरे अधिक सुळसुळीत सरकतात. सॅमसंगला मागे तीन भिंगे आहेत आणि त्यातले एक दूरचे दृश्य तिपटीने जवळ आणते. आयफोनला दोनच. आयुर्मानाच्या बाबतीत सॅमसंगने एस २४ ला सात वर्षे नव्या सुधारणा पुरवण्याचे वचन दिले आहे. अ‍ॅपलचा पूर्वेतिहासही चांगला आहे : २०१५ सालच्या आयफोन ६ एसला २०२१ सालची नवी प्रणाली मिळाली होती. दोघांच्याही खोक्यात चार्जर मात्र नाही. अ‍ॅपलने २०२० साली तो काढून टाकला तेव्हा सॅमसंगने जाहीर थट्टा केली आणि तीनच महिन्यांनी स्वतःही तेच केले.

गुणांची बेरीज करून बरोबरीच झाली. निकाल लागला तो या पत्रिकेत नसलेल्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट सिमकार्डाची. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिम घालायची खाचच नसते. सगळा कारभार ई-सिमवर. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या ई-सिम देतात, त्यामुळे अडत काहीच नाही. पण फोन पडला-बिघडला तर कार्ड काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालायची सोय उरत नाही. बँकेचा निरोप त्याच क्रमांकावर येतो, पेन्शनचाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला ही सोय मोलाची असते.

दुसरी गोष्ट त्या निरोपांची. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणे म्हणजे त्याच वाड्यात खोली बदलणे. गूगलच्या खात्यात ठेवलेली प्रत नव्या फोनवर उतरते. आयफोनवर जाण्याची वाट २०२२ साली खुली झाली, पण अट अशी की आयफोन नवाकोरा तरी हवा किंवा पुसून कोरा केलेला तरी हवा. मुलाने तर तो आधीच सुरू करून सजवून ठेवला होता.

तिसरी गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. रात्री नऊ वाजता फोन अडला, तर स्कूटरवरून कोण येणार? मुलगी. आणि तिच्या हातात गेली दहा वर्षे अँड्रॉइडच आहे.

सरांनी गॅलेक्सी ठेवला. मुलगा जरा हिरमुसला, पण निरोप ऐकू आल्यावर तोही गप्प झाला. आयफोन कॉलेजात जाणाऱ्या नातीकडे गेला. देण्यापूर्वी मुलाने त्यातले आपले खाते काढून घेतले. नाहीतर फोनला कुलूप बसते आणि नव्या मालकाच्या हाती नुसती काच उरते.

हाच निवाडा प्रत्येक घराला लागू पडेल असे नाही. मुलगा शेजारी आणि मुलगी परदेशी असती, तर कदाचित आयफोनच राहिला असता, आणि तेही बरोबरच ठरले असते. बाजारात आले तेव्हा ऐंशी हजारांच्या घरात असलेले हे दोन्ही फोन उत्तमच आहेत. म्हणून कोणता श्रेष्ठ हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : आपल्या जुन्या फोनमधले काय गमावून चालणार नाही, ते नव्यात सुखरूप येईल का, आणि अडल्यानडल्याला जवळचे कोण धावून येईल. एवढी उत्तरे मिळाली की भिंगे मोजायचे काम नातवंडांवर खुशाल सोपवावे.