जीपगाडी: फेरफार, विमा आणि निगा

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेतील विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कारखान्यांतून जी लहानशी लष्करी मोटार फार मोठ्या संख्येने बाहेर पडली, ती ‘जीप’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. वनखाते, पाटबंधारे, पोलीस, चहाचे मळे आणि दौऱ्यावरचे अधिकारी यांच्या कामी ती पुढे कित्येक दशके आली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा, २०१० ची महिंद्र थार, तिची २०२० मधील नवी आवृत्ती आणि २०२३ मधील जिम्नी ही त्याच परंपरेतील पुढची नावे होत. एकेकाळी गरजेपोटी घेतली जाणारी ही गाडी आता पुष्कळजण हौसेने घेतात. हौस आली की तिच्याबरोबर फेरफार करण्याची इच्छाही येते: मोठे टायर, उंच केलेले पाटे, पोलादी बंपर, विंच, छतावरील दिव्यांची रांग.

अशा फेरफारांविषयी एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाडी हे परस्परांशी तोललेल्या भागांचे एक यंत्र आहे. त्यातील एका भागाचे बळ वाढवले की त्याचा भार दुसऱ्या कोणत्या तरी भागावर पडतो. हा भार कधी बेअरिंगवर पडतो, कधी ब्रेकवर, कधी रस्त्यावरील पादचाऱ्यावर, तर कधी गाडीमालकाच्या विमापत्रावर. फेरफार करण्यापूर्वी हा भार कोण उचलणार आहे, हे ठरवणे हेच मालकाचे पहिले कर्तव्य होय.

चारही चाकांना गती

सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या अथवा मागच्या दोनच चाकांना मिळते. जीपसारख्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या व एक पुढच्या आसाकडे जातो. याच पेटीत उतरती गती देणारे जादा गिअर असतात. ते टाकले असता गाडी अतिशय संथ, परंतु मोठ्या जोराने चढते.

वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजेच त्यांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात, वाळूत किंवा बर्फावर चाके थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग दोन्ही शाफ्ट साध्या पद्धतीने एकमेकांशी जखडलेले असतील, तर त्यांच्यात पीळ साठत जातो, सुकाणू जड होते आणि अखेर गिअर किंवा सांधा तुटतो. म्हणून अशा गाड्यांत चारही चाकांची गती निसरड्या जमिनीपुरतीच वापरावयाची असते.

दुसरी मर्यादा आसाच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शिअलची. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. त्यामुळे एक चाक खड्ड्यावर लोंबकळत राहिले, की दुसऱ्या चाकालाही नाममात्रच जोर मिळतो. हा दोष दूर करण्यासाठी काही गाड्यांत डिफरन्शिअल जखडण्याची सोय असते. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. चारही चाकांना मिळणारी गती गाडी चालू होण्यास साहाय्य करते, थांबण्यास नव्हे. ब्रेक तर प्रत्येकच मोटारीच्या चारही चाकांना असतात. ओल्या घाटरस्त्यावर उतरताना जीपस्वाराला इतरांहून अधिक सुरक्षितता लाभलेली नसते. गाडी उंच असल्यामुळे उलट कमीच लाभलेली असते.

फेरफारांचे मोल

सर्वांत लोकप्रिय फेरफार मोठ्या टायरांचा. समजा, २३५/७०-१६ मापाच्या टायरांच्या जागी २४५/७५-१६ मापाचे टायर बसवले. मापावरून हिशेब केल्यास पहिल्याचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. व्यास ३९ मिलिमीटरने वाढला, तरी आस मात्र त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर उंच होतो. एवढ्या लाभासाठी चाक सुमारे पाच टक्क्यांनी मोठे झाले. वेगदर्शक काटा ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने धावते. इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये तितकेच अधिक ओढावे लागते. वजनदार चाक थांबवताना ब्रेक अधिक तापतात, आणि खड्ड्यात आदळणाऱ्या जड चाकाचा मार बेअरिंग व सुकाणूचे सांधे सोसतात.

पाटे किंवा स्प्रिंगा उंच करण्याचेही असेच आहे. गाडीचा सांगाडा वर गेला की ट्रान्सफर केसपासून आसाकडे जाणाऱ्या शाफ्टचा उतार वाढतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतात. पुढच्या आसाची कलती मांडणी बिघडल्यास वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होत नाही, गाडी रस्त्यावर भटकू लागते. शिवाय गुरुत्वमध्य उंचावल्याने उलटण्याचा धोका वाढतो. सांगाडा उंच झाला तरी अखंड आसाच्या मध्याचा डिफरन्शिअलचा गोळा पूर्वीच्याच उंचीवर राहतो. त्याला दगड लागावयाचा तो लागतोच.

पोलादी बंपर आणि पुढची आडवी नळकांडी मजबुतीचे चिन्ह मानली जातात. टक्कर झाली असता मूळ बंपर व त्यामागील पत्रा चेपून आघाताचा जोर शोषून घेतो. कठीण पोलाद तो जोर सांगाड्याकडे आणि आतील माणसांकडे पोहोचवते. हवेच्या पिशव्या उघडण्याची वेळ ठरवणाऱ्या संवेदकांचा अंदाजही त्यामुळे चुकू शकतो. पादचाऱ्याला तर हे पोलाद थेट जीवघेणे ठरते. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा अनधिकृत संरक्षक दांड्यांवर कारवाई करण्यास सांगितले.

कायद्याची चौकट

हरयाणातील मंडी डबवालीसारखी ठिकाणे बदललेल्या जीपगाड्यांसाठी देशभर ठाऊक आहेत. परंतु गाडी तयार करून मिळणे आणि ती रस्त्यावर चालवण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जे बदल कायद्याने संमत आहेत, त्यांसाठी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत तो प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात या कलमाचा कडक अर्थच ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रस्त्यावर न येता केवळ बंदिस्त मैदानावरील स्पर्धेत उतरणारी गाडी आणि रोज बाजारात जाणारी गाडी यांतील भेद मालकाने स्वतःशी स्पष्ट करून घ्यावा.

विमा: काय मिळते, काय नाही

त्रयस्थ व्यक्तीच्या हानीबद्दलचा विमा भारतात १९४६ पासून सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असून, हौशी मालकांच्या अडचणी बहुधा त्याच भागात उद्भवतात.

विमा हा विश्वासाचा करार आहे. गाडीचे जे रूप विमा कंपनीला सांगितले, त्याच रूपाचा धोका तिने पत्करलेला असतो. विंच, दिवे, छतावरील पिंजरा यांसारखे मागाहून बसवलेले साहित्य विमापत्रात मूल्यासह नोंदवले नसेल, तर त्याची भरपाई मिळत नाही. नोंदणीत न दाखवलेला मोठा फेरफार असल्यास संपूर्ण दाव्यावरच आक्षेप येऊ शकतो. त्रयस्थाला जबर इजा झाली आणि विमापत्राच्या अटींचा भंग सिद्ध झाला, तर विमा कंपनीने दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते. अशा प्रसंगी मालकाचे घरदारच पणाला लागते.

विमापत्रातील अपवादांचा भाग आधी वाचावा. संघटित शर्यती व वेगाच्या चाचण्या सर्वसाधारण विमापत्रातून वगळलेल्या असतात. गोव्याच्या पावसाळी जंगलात होणाऱ्या स्पर्धांसारख्या उपक्रमांत भाग घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई नसते. टायर व ट्यूब यांचे नुकसान गाडीलाही इजा झाली असेल तरच विचारात घेतले जाते, आणि तेही निम्म्या मूल्यापर्यंत. रबर, प्लॅस्टिक व बॅटरी यांच्या नव्या भागांच्या किमतीतून ५० टक्के घट वजा होते.

पाण्याचा प्रसंग स्वतंत्रपणे समजून घ्यावा. ओढ्यात इंजिनाने पाणी ओढले, तर सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेली हानी विमा कंपनी सामान्यतः ‘परिणामजन्य’ मानून नाकारते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची जादा जोडणी घ्यावी लागते. म्हणून अशा वेळी किल्ली फिरवू नये; गाडी ओढून बाहेर काढावी, छायाचित्रे घ्यावीत आणि कंपनीला तत्काळ कळवावे.

निगा

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांगहून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत जुन्या लँड रोव्हर गाड्या अनेक दशके प्रवासी वाहत आल्या. चहामळ्यांच्या काळातील या गाड्यांपैकी पुष्कळांना पुढे देशी डिझेल इंजिने बसवली गेली. म्हणजे फेरफार त्यांतही झाला. पण तो गाडी चालू ठेवण्यासाठी. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय स्थानिक मिस्त्रींच्या नित्याच्या देखभालीकडे जाते.

अशा देखभालीत गूढ काही नाही. चिखलातून परतल्यावर गाडी खालून धुवावी. ब्रेकच्या ड्रमात अडकलेली रेती लायनिंग खाऊन टाकते. युनिव्हर्सल जॉइंटच्या निपलांतून जुने पाणीमिश्रित ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरावे. पाट्यांचे यू-बोल्ट तपासून आवळावेत. धुळीच्या प्रदेशात, विशेषतः राजस्थानात व लडाखमध्ये, हवेची जाळी ठरलेल्या अंतराआधीच पाहावी. चारही चाकांची गती महिन्यातून एकदा तरी मऊ जमिनीवर थोडे अंतर वापरावी, म्हणजे वंगण सर्वत्र पोहोचते आणि सांधे जखडत नाहीत.

पाण्यातून गेल्यावर आसातील ऑइल पाहणे अगत्याचे आहे. चालून तापलेला आस गार पाण्यात शिरला की त्यातील हवा आकुंचन पावते. हवा घेण्याची बारीक नळी चिखलाने बुजलेली असेल, तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले की ते त्याच आठवड्यात बदलावे. काही शे रुपयांच्या या कामाकडे दुर्लक्ष केल्यास डिफरन्शिअलचे दात गंजतात, आणि ती झीज कोणताही विमा भरून देत नाही.

खर्च करावयाचाच असेल, तर त्याचा क्रम असा असावा: प्रथम मूळ गाडी निर्दोष करावी, नंतर मूळ मापाचे चांगले टायर, हवेचा पंप आणि ओढून काढण्यासाठी सांगाड्याला पक्के जोडलेले हूक घ्यावेत, मग जाणत्या माणसाबरोबर सराव करावा. एवढे झाल्यावरही एखाद्या फेरफाराची गरज वाटली, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता आणि विमा कंपनीला लेखी सूचना या दोन गोष्टी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी कराव्यात. पुष्कळांना असे आढळेल की या क्रमाने गेल्यावर त्यांच्या वाटेला लागणारी गाडी त्यांच्याजवळ आधीपासूनच होती.