लांबचा रस्ता, लवकर मुक्काम

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरावा. तो दिल्लीहून उत्तरेकडे निघतो, सैबेरियावरून आर्क्टिक महासागर गाठतो आणि अलास्का, कॅनडामार्गे खाली उतरतो. लांबी भरते सुमारे 12,400 किलोमीटर. याहून जवळची वाट भूगोलात नाही.

पण प्रवासी विमानाला त्या वाटेने सरळ जाता येत नाही, कारण सुरुवातीलाच हिमालय आणि तिबेटचे पठार आडवे येते. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर मुखवट्यांतला प्राणवायू मोजकीच मिनिटे पुरतो. तेवढ्यात साधारण तीन हजार मीटरपर्यंत उतरावे लागते, आणि इथे तर जमीनच चार हजार मीटरच्या वर आहे!

एअर इंडियाने डिसेंबर 2015 मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जाई. रस्ता सुमारे 13,900 किलोमीटरचा. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. हा रस्ता 15,300 किलोमीटरचा, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले, जवळपास दोन तास आधी.

ही किमया वाऱ्याची. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील फरकामुळे, आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जोर असला, की त्यांचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. पृथ्वी खालून फिरत असल्याने पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. विमानाला मदत किंवा विरोध होतो तो वाऱ्याचा.

नदीतली नाव पाण्याच्या मानाने पुढे सरकते, तसे विमान हवेच्या मानाने. या मार्गावरच्या बोइंग 777 विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे 900 किलोमीटर धरा. साडेचौदा तासांत त्याने जेमतेम 13,000 किलोमीटर हवा कापली. उरलेले सव्वादोन हजार किलोमीटर वाऱ्याने पार करून दिले. अटलांटिकच्या वाटेवर उलट हिशेब: जमिनीवरून 13,900, पण समोरच्या वाऱ्यामुळे कापावी लागणारी हवा त्याहून अधिक. इंधन जळते ते या हवेतल्या अंतरासाठी. म्हणून वैमानिकाच्या दृष्टीने खरे अंतर हेच, असे मला वाटते.

हे झोत दररोज जागा बदलतात आणि हिवाळ्यात अधिक बळावतात. त्यामुळे उड्डाणाचा मार्ग त्या त्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज पाहूनच आखला जातो. कॅलिफोर्नियातल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांनी यंदाची वेळ मागच्या खेपेशी ताडून पाहू नये. त्या दिवशीचा वारा वेगळा होता.