द्रव ओळखावा, मग यंत्र निवडावे
तेल, वंगण आणि रसायने भरणाऱ्या लहान उद्योगांसाठी

घाण्याचे तेल किंवा बचत गटाने तयार केलेले फिनाईल कितीही चांगले असले, तरी गळक्या बाटलीतून आणि अपुऱ्या मापाने ते ग्राहकाच्या हाती पडले, तर त्या मालाचे नाव फार काळ टिकत नाही. त्यामुळे लहान उद्योगाच्या प्रस्तावात भरणयंत्राचा खर्च बहुधा असतोच. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेने तेलघाण्यांनाही कर्ज व अनुदानाची वाट मोकळी करून दिली. मात्र यंत्राची निवड पुष्कळदा केवळ त्याचा वेग पाहून केली जाते. अशी निवड चुकली की यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहतात.

द्रवाचा स्वभाव

पातळ द्रव उंचावरील टाकीतून स्वतःच्या भाराने बाटलीत उतरतो. त्याला साधे यंत्र पुरते. गियरमध्ये घालावयाचे ९० क्रमांकाचे वंगण दाट असते व थंडीत ते अधिकच दाट होते. ते पिस्टनने किंवा गियर पंपाने ढकलावे लागते. साबणाचे द्रावण फेसाळते, म्हणून बाटलीच्या तळापर्यंत जाऊन द्रवासोबत वर येणारी नळी त्यासाठी सोयीची ठरते.

रसायनांच्या बाबतीत यंत्राचे भाग कशाचे आहेत, हेही पाहणे अगत्याचे असते. पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट स्टेनलेस स्टीललाही खाते. तेथे पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे भाग हवेत. थिनरची वाफ ठिणगीने पेट घेते. तेथे ज्वालारोधक मोटार आणि व्यवस्थित अर्थिंग यांत काटकसर करणे म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळणे होय.

माप आणि तापमान

तेल तापले की फुगते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅम भरते. पिस्टनचे यंत्र आकारमान मोजते, वजन नव्हे. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार एक लिटरच्या बाटलीत १५ मिलिलिटरपर्यंतची चूक क्षम्य मानली जाते. तेल नेहमीपेक्षा २० अंश अधिक गरम असताना भरले, तर जवळजवळ तेवढीच तूट केवळ उष्णतेमुळे येते. खाद्यतेलाच्या वेष्टनावर तापमानाचा उल्लेख न करता आकारमान आणि त्यासोबत वजनही छापावे, असे केंद्र शासनाने २०२२ साली उत्पादकांना सांगितले, ते याच कारणासाठी. म्हणून तेल निवल्यावरच भरावे, किंवा वजनावर भरणारे यंत्र घ्यावे. उन्हाळ्यात तेल फुगण्यासाठी बाटलीत थोडी जागाही मोकळी ठेवावी.

खाण्याचे व वंगणाचे तेल वेगळे

एकच यंत्र धुऊन सकाळी खाद्यतेलासाठी व दुपारी वंगणासाठी वापरण्याचा मोह घातक आहे. १९८८ साली कोलकात्याच्या बेहाला भागात खाद्यतेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन मिसळले गेल्याने शेकडो लोकांचे हातपाय लुळे पडले. हे रसायन काही वंगणांतही वापरले जाते. नळी, पंप व वायसर यांत राहिलेला अंश डोळ्यांना दिसत नाही. यंत्रे, टाक्या व डबे वेगळे ठेवणे हाच यावर भरवशाचा उपाय होय.

वेगाचा हिशोब

समजा, एका घाण्यातून दिवसाला १०० लिटर तेल निघते. मिनिटाला दहा बाटल्या भरणारे यंत्र ते काम दहा मिनिटांत संपवील व उरलेला दिवस उभे राहील. अशा घाण्याला ठिबकरोधक तोटी, वैध मापन यंत्रणेने पडताळणी करून मुद्रांकित केलेला तराजू आणि झाकण घट्ट बसविणारे हातयंत्र पुरेसे आहे. भरणे वेगाने झाले तरी झाकणे हातानेच लावावी लागत असतील, तर काम तेथेच अडते, हेही लक्षात ठेवावे.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे आपलेच तेल व आपल्याच बाटल्या न्याव्यात. पन्नास बाटल्या भरून प्रत्येकीचे वजन करावे आणि त्या रात्रभर कागदावर आडव्या ठेवाव्यात. वजनातील फरक यंत्राचा नेमकेपणा सांगतो, तर कागदावरील डाग झाकणाची परीक्षा करतात. यंत्राला लागणारी वीज गावात आहे काय आणि सुटे भाग व कारागीर तालुक्याच्या गावी मिळतात काय, याचीही चौकशी करावी.

प्रस्तावाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि गटाला सल्ला देणाऱ्या पंचायत सदस्यांनी किंमतपत्रकाआधी तीन प्रश्न विचारावेत: द्रव कोणता, रोजचे उत्पादन किती आणि माप कसे तपासणार? यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर साधे यंत्रही उद्योगाला वर काढील. ती मिळाली नाहीत, तर महागडे यंत्रही त्याला तारणार नाही.